अद्भुतकथेच्या मांडवांत

विवाह आणि कथा यांचें नातें आपल्याकडे नवें नाहीं. वधू गौरीहरापुढें बसते ती पार्वतीची आठवण करून बसते. मंगलाष्टकांत राम-सीता येतात, कृष्ण-रुक्मिणी येतात. आणि अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस उभें असलेलें साधेंसुधें जोडपें घटकाभर एका जुन्या कथेंत जाऊन उभें राहतें. ही कथा सर्व मांडवाला ठाऊक असते, म्हणून तिचें कोणास नवल वाटत नाहीं. वधूवरांनीं निवडलेली कथा मांडवांतल्या निम्म्याअधिक लोकांनीं ऐकलेलीच नसली, तर काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कारण असे विवाह आतां होऊं लागले आहेत. अद्भुतरम्य कादंबऱ्या आणि विज्ञानकथा यांचा ज्यांना ध्यास असतो, त्यांना इंग्रजींत 'गीक' म्हणतात. हा शब्द एके काळीं हेटाळणीचा होता; आज ती मंडळी तो अभिमानानें मिरवितात. अमेरिकेंत लास व्हेगास येथें १९९८ पासून २००८ पर्यंत 'स्टार ट्रेक' या मालिकेचें एक भव्य प्रदर्शन होतें. तेथें उभारलेल्या आकाशयानाच्या प्रतिकृतींत पुष्कळ जोडप्यांनीं लग्नें लाविलीं. त्याच मालिकेंतील क्लिंगॉन नांवाच्या लढवय्या जमातीसाठीं एक भाषा रचण्यांत आली आणि १९८५ सालीं तिचा कोशहि निघाला. लंडनमध्यें २०१२ सालीं एका स्वीडिश जोडप्यानें त्या जमातीच्या रीतीनें आपला विवाहसमारंभ केला. आपल्याकडे तमिळनाडूंतील एका जोडप्यानें २०२२ च्या फेब्रुवारींत गांवांतल्या लग्नानंतर संगणकाच्या आभासी सृष्टींत स्वागतसमारंभ केला. हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेचा देखावा तेथें उभा केला होता. आणि वधूचे वडील हयात नव्हते, त्यांची प्रतिमाहि त्या देखाव्यांत पाहुण्यांचें स्वागत करीत होती. या शेवटच्या उदाहरणांतील मर्म मला फार महत्त्वाचें वाटतें. तेथें कल्पना नुसती नटवी राहिली नाहीं. घरांतील एक रिकामी जागा तिनें क्षणभर भरून काढली.

एक उदाहरण धरून बोलूं, म्हणजे विषय पसरणार नाहीं. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्कीन यांनीं १९३७ सालीं 'दि हॉबिट' ही बालांसाठीं लिहिलेली कथा प्रसिद्ध केली आणि १९५४-५५ सालीं 'दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज' हा तिचा तीन खंडांचा विस्तार बाहेर आला. २००१ ते २००३ या काळांत त्यावर तीन चित्रपट निघाले आणि ही सृष्टि जगभर पसरली. या कथेवर बेतलेला विवाह ठरवावयाचा, तर कोठून आरंभ करावा?

पुष्कळजण आरंभ करतात तो पोशाखापासून. माझ्या मतें आरंभ कायद्यापासून केला पाहिजे. विवाहाचे तीन थर असतात: कायदा, विधि आणि शोभा. शोभेंत कल्पनेला मोकळीक आहे, विधींत ती जपून वापरावी, आणि कायद्याच्या शब्दांना तिचा स्पर्शहि होऊं देऊं नये. विवाह कायद्यानें सिद्ध झाला नाहीं, तर पुढें वारसा, पारपत्र, मुलांचीं नांवें अशा प्रत्येक प्रसंगीं तें जोडपें अडखळतें. आणि त्या वेळीं मांडव कितीहि सुंदर होता, हें कोणी विचारीत नाहीं.

देशोदेशीं हा कायदा निराळा आहे. इंग्लंडमध्यें नागरी विवाह मान्यताप्राप्त जागींच व्हावा लागतो. त्यापूर्वीं २८ दिवसांची सूचना द्यावी लागते. निबंधक आणि दोन साक्षीदार समक्ष असावे लागतात. समारंभांत धार्मिक मजकूर चालत नाहीं. आणि कायद्यानें नेमून दिलेलीं वाक्यें उच्चारावींच लागतात. तीं वाक्यें टॉल्कीनच्या एल्फ लोकांच्या भाषेंत म्हटल्यास भागत नाहीं. स्कॉटलंडमध्यें मान्यता जागेला नसून विधि चालविणाऱ्या व्यक्तीला आहे. त्यामुळें जुना किल्ला, अरण्य, समुद्रकांठ, कोठेंहि विवाह लागूं शकतो. न्यूझीलंडमध्यें अर्ज केल्यापासून निदान ३ दिवसांनीं परवाना मिळतो, तो ३ महिने चालतो, आणि अधिकृत विवाह-संचालक व दोन साक्षीदार यांच्यासमोर वधूवरांनीं एकमेकांचीं नांवें घेऊन परस्परांचा स्वीकार केला म्हणजे विवाह पूर्ण होतो. त्या एका वाक्याच्या मागेंपुढें काय बोलावें, हें त्यांच्या इच्छेवर असतें.

आणि आपल्याकडे? हिंदु विवाह कायदा १९५५ सालचा आहे. त्याप्रमाणें वधू किंवा वर यांपैकीं एका पक्षाच्या रूढीप्रमाणें विधि व्हावे लागतात, आणि जेथें सप्तपदी हा त्यांचा भाग असेल तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो. विधि न करतां नुसता दाखला मिळविल्यानें हिंदु विवाह सिद्ध होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं स्पष्ट सांगितलें. तेव्हां सप्तपदी गाळून तिच्या जागीं कादंबरींतील प्रसंग बसविणें धोक्याचें आहे. परंतु १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें एक दार मोकळें ठेवलें आहे, तें फारच थोड्यांना माहीत असतें. त्या कायद्याप्रमाणें वधूवर आपल्या पसंतीच्या कोणत्याहि पद्धतीनें विवाह करूं शकतात; मात्र विवाह-अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमक्ष, कायद्यांत दिलेल्या शब्दांत, प्रत्येकानें दुसऱ्याचा पति किंवा पत्नी म्हणून स्वीकार केला पाहिजे. त्यासाठीं ३० दिवस आधीं सूचना द्यावी लागते. आणि जादा आकार भरल्यास अधिकारी कचेरीपासून वाजवी अंतरावरील दुसऱ्या जागींहि येऊं शकतो. म्हणजे अद्भुतकथेच्या मांडवाला हिंदुस्थानच्या कायद्यांत जागा आहे. ती विचारून घ्यावी लागते, एवढेंच.

स्वतःचे विवाहविधि स्वतः रचणें हें महाराष्ट्राला अपरिचितहि नाहीं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानें १८७३ सालींच पुरोहितावांचून विवाह लावण्यास आरंभ केला, आणि फुल्यांनीं रचलेल्या मंगलाष्टकांत वधू व वर परस्परांशीं बोलतात, अटी घालतात, वचनें देतात. त्या प्रयत्नामागें समाजाच्या मुक्तीचा प्रश्न होता. कादंबरीच्या हौसेला त्याच्या पंक्तीस बसविण्याचें धाडस मी करणार नाहीं. पण एक धडा त्यापासून घेण्यासारखा आहे. विधि बदलावयाचा, तो त्याचा अर्थ अधिक उघड व्हावा म्हणून बदलावा.

आतां कथेकडे वळूं. या कथेच्या भक्तांत एक चूक वारंवार दिसते. कादंबरीच्या केंद्रस्थानीं एक अंगठी आहे आणि तिच्यावर एक लेख कोरलेला आहे. अक्षरें अतिशय सुंदर. म्हणून अनेकजण तोच लेख आपल्या लग्नाच्या अंगठीवर कोरवून घेतात. पण त्या लेखाचा अर्थ काय? एका अंगठीनें इतर सर्व अंगठ्यांवर सत्ता चालवावी, त्यांना हुडकून आणावें आणि अंधारांत जखडून टाकावें, असा तो अर्थ आहे. आणि त्याची भाषाहि त्या कथेंतील दुष्टाची आहे. हे शब्द अनामिकेंत घालून संसार आरंभिणें म्हणजे शापवाणीलाच मंगलाष्टक समजणें होय! स्वतः टॉल्कीन यांना एका चाहत्यानें हाच लेख कोरलेला एक पेला भेट पाठविला होता. त्यांनीं त्या पेल्यांतून कधीं पेय घेतलें नाहीं. तंबाखूची राख टाकण्यापुरताच त्याचा उपयोग केला.

त्याच लेखकाच्या साहित्यांत विवाहाला शोभेल असें कांहीं आहे काय? आहे, आणि विपुल आहे. बेरेन हा मर्त्य मानव, लूथियेन ही अमर एल्फ-कन्या. बेरेन मरण पावल्यावर लूथियेन मृतांच्या न्यायाधीशापुढें जाऊन गाते, त्याचें मन द्रवतें, आणि पति परत मिळतो; मात्र त्यासाठीं ती आपलें अमरत्व टाकून देते. आपल्या श्रोत्यांना येथें सावित्रीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. टॉल्कीन यांचा विवाह १९१६ च्या मार्च महिन्यांत वॉरिक येथें झाला. १९७१ सालीं पत्नी वारली आणि १९७३ सालीं ते स्वतः गेले. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट स्मशानभूमींत दोघांची एकच समाधि आहे. तीवर पत्नीच्या नांवाखालीं 'लूथियेन' आणि त्यांच्या नांवाखालीं 'बेरेन' असें कोरलेलें आहे. कल्पित कथा खऱ्या संसारांत किती खोल उतरूं शकते, याचें याहून चांगलें प्रमाण मला माहीत नाहीं. तेथें ना झगे आहेत, ना तलवारी. केवळ दोन नांवें आहेत.

विधीसाठींहि या लेखकानें सामग्री ठेवली आहे. एल्फ लोकांच्या चालीरीतींवरील त्यांचा एक निबंध त्यांच्या मुलानें १९९३ सालीं प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें वाङ्निश्चयाच्या वेळीं वधूवर एकमेकांना चांदीच्या अंगठ्या देतात. निदान एक वर्ष लोटल्यावर विवाह होतो. त्या वेळीं चांदीच्या अंगठ्या परत करून सोन्याच्या घालतात, त्या उजव्या हाताच्या तर्जनींत. वधूची आई आणि वराचा पिता दोघांचे हात जुळवितात. वधूची आई वराला सांखळींत ओंवलेलें एक रत्न देते, आणि वराचा पिता वधूला तसेंच देतो. श्रोतेहो, हें ऐकून परकें वाटतें काय? साखरपुडा, कन्यादानांतील हातांवर हात, मंगळसूत्र, या सर्वांचे सगेसोयरे त्यांत दिसतात. मराठी घरांत असा विवाह ठरला, तर वडील माणसांना कोपऱ्यांत बसवून ठेवण्याची गरजच नाहीं; त्या कथेच्या विधींतच त्यांना मानाची जागा आहे. ही गोष्ट आईवडिलांना आधीं, शांतपणें, कथा सांगून समजावावी. निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर समजाविण्यांत अर्थ नाहीं.

पत्रिकेवरून आठवलें. एल्फ लोकांच्या लिपीला 'तेंग्वार' म्हणतात. आपल्याकडील अनेकांना ती गूढ वाटते. परंतु देवनागरी जाणणाऱ्याला तिच्यांत घरच्यासारखें वाटावें अशी तिची रचना आहे. अक्षरें उच्चारस्थानाप्रमाणें लाविलेलीं आहेत, आपल्या कवर्ग, तवर्ग, पवर्गांसारखीं; अघोष, घोष, अनुनासिक अशा ओळी आहेत; आणि तिच्या पुष्कळ लेखनपद्धतींत स्वर हे व्यंजनावर चिन्हानें दाखवितात, जशी आपली मात्रा. मात्र लिपि वेगळी आणि भाषा वेगळी, हें ध्यानांत ठेवावें. टॉल्कीन यांच्या क्वेन्या आणि सिंडारिन या भाषांचे कोश अपुरे आहेत. रोजच्या व्यवहारांतले कित्येक शब्द त्यांनीं कधीं रचलेच नाहींत, आणि पुढें अभ्यासकांनीं ते तर्कानें जुळविलेले आहेत. म्हणून लांबलचक शपथा त्या भाषांत लिहवून घेण्यापेक्षां दोन नांवें आणि एखादा आशीर्वाद एवढ्यावर थांबावें, जाणकाराकडून तपासून घ्यावें, आणि पत्रिकेवर तोच मजकूर मराठींत ठळक छापावा. आजोबांना मांडवाचा पत्ता कळला पाहिजे!

पाहुण्यांचा विचार हा या साऱ्या आंखणीचा गाभा आहे. दोनशें पाहुण्यांपैकीं पुस्तक वाचलेले वीस असतील. त्या वीसजणांना खूण पटावी आणि उरलेल्यांना चुकल्यासारखें वाटूं नये, ही कसोटी प्रत्येक गोष्टीला लावावी. जी गोष्ट समजण्यासाठीं पुस्तक वाचलेंच पाहिजे, ती गाळावी. जी न समजतांहि गोड लागते, ती ठेवावी. याला उत्तम उदाहरण जेवणाचें. हॉबिट हे बुटके, सुखवस्तु, खेड्यांत राहणारे लोक. मिळालें तर दिवसांतून सहा वेळां जेवणारे. त्यांच्या पंक्तीला मद्यमांस पाहिजेच असें नाहीं. पाव, लोणी, मध, आळिंबीची भाजी, सफरचंदें हींहि त्यांच्या आवडीचीं. एल्फ लोक प्रवाशाला पानांत गुंडाळलेली एक भाकरी देतात. ती दिवसेंदिवस टिकते आणि अंगीं बळ आणते. आमच्या आज्या प्रवासाला निघणाऱ्याला दुधांत भिजविलेल्या पिठाच्या दशम्या बांधून देत, ती वस्तु यापेक्षां निराळी नाहीं. केळीच्या पानांत गुंडाळलेली दशमी प्रत्येक पाहुण्याच्या हातीं निघतांना दिली, तर वाचणाऱ्याला एल्फांची भाकरी मिळेल, न वाचणाऱ्याला माहेरची शिदोरी. हॉबिट लोकांची आणखी एक चाल घेण्याजोगी आहे: वाढदिवस ज्याचा असेल, तो दुसऱ्यांना भेटी देतो. 'आहेर आणूं नये' असें आपण पत्रिकेवर छापतों. त्याच्यापुढें जाऊन यजमानानेंच प्रत्येकाला एक रोप किंवा एक पुस्तक दिलें, तर ती चाल आपोआप पाळली जाते.

पोशाख आणि जागा यांविषयीं थोडें सांगतों. न्यूझीलंडच्या उत्तर बेटांत मातामाता गांवाजवळ मेंढ्यांच्या एका कुरणावर चित्रपटासाठीं हॉबिटांचें गांव उभारलें होतें. पहिल्या चित्रपटांच्या वेळचें तें बांधकाम तात्पुरतें होतें. पुढच्या चित्रपटांसाठीं तें टिकाऊ बांधलें, आणि आज तेथें लोक पाहावयास जातात व विवाहहि होतात. तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ती जागा जवळ आहे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसानें मात्र ती नक्कल वैशाखांत करूं नये. लोंकरी झगा पांघरून चैत्र-वैशाखाच्या उन्हांत उभा राहिलेला वर वीर दिसण्याऐवजीं आजारी दिसेल. हॉबिटांना हिरवा आणि पिवळा हे रंग प्रिय आहेत. वधूचा हिरवा चुडा आणि पिवळी अष्टपुत्री त्यांत न बदलतां बसतात. हॉबिट पायांत जोडे घालीत नाहींत, आणि आपणहि बोहल्यावर अनवाणीच चढतों. जागा म्हणून भाड्याचा राजवाडा घेण्यापेक्षां जुन्या झाडांची एखादी बाग, एखादी आमराई अधिक शोभेल. त्या कथेंत राजवाड्यांपेक्षां झाडांनाच अधिक मान आहे.

राहिला खर्च. असा समारंभ करून देणारे व्यवसायी आतां पुष्कळ आहेत, आणि 'कथेप्रमाणें' हा शब्द उच्चारतांच आकार वाढतो. यावर आपला जुना उपाय आहे. त्याचें नांव रुखवत. मावश्या, आत्या, बहिणी यांनीं मिळून साखरेचे किल्ले आणि कागदाच्या बागा करण्याची कला आपल्या घराघरांत आहे. त्यांच्या पुढें चित्र ठेवावें: डोंगराच्या पोटांतलें घर, गोल हिरवें दार, दारांत फुलझाडें. हें घर त्या करतील, आणि करतां करतां 'या घरांत राहतो तरी कोण?' असें विचारतील. त्या वेळीं वधूनें बसून कथा सांगावी. अंतरपाटावर त्या सृष्टींतला वृक्ष रंगवावा. वधूवरांचीं नांवें गुंफून नवीं मंगलाष्टकें रचण्याची आपली चाल आहे, तींत एक कडवें बेरेन-लूथियेनचें यावें आणि सावित्रीच्या कडव्याशेजारीं यावें. याला पैसा लागत नाहीं; लागतो तो वेळ, आणि घरच्या माणसांशीं बोलण्याची तयारी.

कथेचें वेड असलेल्या तरुणांना बहुधा लहानपणीं हें वेड एकट्यानेंच बाळगावें लागलेलें असतें. घरांत कोणी विचारीत नाहीं, शाळेंत कोणी हंसतें, आणि मग एके दिवशीं तेंच पुस्तक वाचलेलें दुसरें माणूस भेटतें. अशा दोघांना लग्नाच्या दिवशीं ती कथा सोबत असावी असें वाटलें, तर त्यांत पोरकटपणा नाहीं. वडील माणसांनीं एक संध्याकाळ खर्चून ती कथा ऐकून घ्यावी, आणि तरुणांनीं ती सांगण्याचा कंटाळा करूं नये. मग अक्षता टाकतांना मांडवांतल्या प्रत्येकाला, आपण कोणाच्या कथेवर त्या टाकीत आहों, हें माहीत असेल.